कोडें घालणाराचें कर्तव्य



यंदाच्या वार्षिकासाठीं कोडीं, शब्दांचे खेळ व अंकांच्या गंमती यांविषयीं लिहावें, अशी संपादकांची सूचना आली, तेव्हां प्रथम वाटलें कीं, पांचपन्नास कोडीं एकाखालीं एक मांडावीं, उत्तरें शेवटच्या पानावर उलटीं छापावीं, म्हणजे काम झालें. परंतु अशीं पुस्तकें बाजारांत पुष्कळ मिळतात. कोडें सोडवावें कसें हें त्यांत असतें. घालावें कसें हें फारसें कोठें आढळत नाहीं. आणि वीस वर्षें मुलांना कोडीं घालून माझें मत असें झालें आहे कीं, सोडविणारापेक्षां घालणाराच्याच हातून चुका अधिक होतात. त्यांतली एक चूक माझी स्वतःची आहे. तीच आधीं सांगतों.

मी शिक्षक झालों तें पहिलेंच वर्ष होतें. शाळा दुसरी, गांवही दुसरें. पावसाळ्याचे दिवस होते व एक शिक्षक रजेवर गेल्यामुळें सहावीचा वर्ग एका तासापुरता माझ्याकडे आला होता. मीं फळ्यावर वाघ, शेळी व गवताची पेंढी यांचें सुप्रसिद्ध कोडें लिहिलें. नावाड्यास हीं तिन्ही पैलतीरीं न्यावयाचीं आहेत. होडींत त्याच्याबरोबर एका वेळीं एकच मावतें. त्याच्या पाठीमागें वाघ व शेळी एकत्र राहिलीं तर वाघ शेळीस खाईल. शेळी व गवत एकत्र राहिलें तर शेळी गवत खाईल. वाघ गवत खात नाहीं, एवढीच काय ती सोय. मुलें डोकीं खाजवूं लागलीं आणि मी हजेरीपट भरावयास बसलों.

शेवटच्या बाकावर एक मुलगा होता. गणितांत त्याचे गुण नेहमीं तिसांच्या आंत. त्यानें खडूच्या तुकड्याचा वाघ केला, खोडरबराची शेळी केली, आणि खिडकीबाहेर हात घालून तोडलेलें एक पान गवत म्हणून मांडलें. बाकावर आडवी ठेवलेली पट्टी ही नदी. मी मधूनमधून मान वर करून पाहत होतों. त्यानें शेळी पलीकडे नेली, मग वाघ नेला, आणि मग शेळी उचलून पुन्हां अलीकडे आणली. मीं तेवढेंच पाहिलें व जागेवरूनच म्हणालों, “अरे, एकदां नेलेली शेळी परत कशाला आणतोस? असा तर तुझा नावाडी जन्मभर होडीच वल्हवीत बसेल!” सारा वर्ग हंसला. मुलानें खडू, खोडरबर आणि पान एका झटक्यांत गोळा केलें व खिशांत टाकलें.

वास्तविक त्या कोड्याची किल्ली तीच आहे. शेळी पलीकडे न्यावी व रिकामें परत यावें. वाघ न्यावा, पण परततांना शेळी बरोबर घेऊन यावें. मग शेळी अलीकडे ठेवून गवत न्यावें, रिकामें यावें, आणि शेवटीं शेळी न्यावी. एकूण सात खेपा. पलीकडे नेलेली वस्तु परत आणणें म्हणजे केलेलें काम फुकट घालविणें, असें मनाला वाटतें. म्हणून शहाणीं माणसेंही तेथें अडतात. तो मुलगा अडला नव्हता. अडलों तो मी, आणि तेंही उत्तर ठाऊक असून! रात्रीं जेवतांना ही गोष्ट ध्यानांत आली. दुसऱ्या दिवशीं मीं वर्गापुढें चूक कबूल केली. मुलगा उभा राहिला, “असूं दे, सर,” म्हणाला व खालीं बसला. त्यानंतर दिवाळीची सुटी लागेपर्यंत त्यानें माझ्या तासाला एकदांही हात वर केला नाहीं.

हें कोडें फार जुनें आहे. ‘तरुणांची बुद्धि तीक्ष्ण करण्याचे प्रश्न’ अशा अर्थाच्या नांवाचा एक लॅटिन संग्रह प्रसिद्ध आहे. तो शार्लमान राजाच्या दरबारीं शिक्षक असलेल्या ॲल्क्विन या विद्वानाचा मानला जातो. ॲल्क्विन मूळचा इंग्लंडांतील यॉर्कचा, तो इ. स. ८०४ मध्यें वारला. त्या संग्रहांत वाघाच्या जागीं लांडगा आहे व गवताच्या जागीं कोबी. शेळी मात्र शेळीच आहे, आणि परत आणावी लागते ती तीच.

आतां कोडें घालणाराचें पहिलें कर्तव्य. उत्तराला लागणारें सर्व सामान प्रश्नांत तरी असलें पाहिजे, नाहीं तर सोडविणाराच्या नेहमींच्या पाहण्यांत तरी. जुन्या करारांतील शास्ते या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायांतली शमशोनाच्या लग्नाची कथा आपल्या शाळेंतील मुलांना ठाऊक आहेच. शमशोनानें वाटेंत एक सिंह मारला होता. कांहीं दिवसांनीं पाहतो तों सिंहाच्या सांगाड्यांत मधमाश्यांचा थवा व मध. तो मध त्यानें खाल्ला, आईबापांसही दिला, पण कोठून आणला तें त्यांसही सांगितलें नाहीं. मग मेजवानीच्या वेळीं, खाणाराच्याच पोटांतून गोड खाणें कसें निघालें, अशा अर्थाचें कोडें त्यानें तीस सोबत्यांस घातलें. सात दिवसांची मुदत. पैज तीस तागाच्या वस्त्रांची व तीस पोशाखांची. सोबत्यांना उत्तर सुचेना. सुचावें कसें? सिंह त्यांनीं पाहिला नव्हता, मध त्यांनीं चाखला नव्हता. शेवटीं त्यांनीं नववधूस धाक घातला, तिनें रडून नवऱ्याकडून उत्तर काढलें, आणि पैज फेडण्यापायीं अष्कलोनांत तीस माणसांचे प्राण गेले. त्या सोबत्यांनीं केलें तें वाईटच. तरीही लहानपणीं रविवारच्या शाळेंत ही कथा ऐकतांना मला त्यांची थोडी कींव येत असे. त्यांच्यापुढें ठेविलें गेलें तें कोडें नव्हतें, तें एका माणसाचें गुपित होतें. ‘माझ्या मुठींत काय आहे, ओळख’ असें धाकट्या भावास विचारून तो चुकला कीं टाळ्या पिटणारे थोरले भाऊ आजही घरोघरीं आहेत.

माझ्या आजीला लिहितां-वाचतां येत नसे, परंतु कोडें व गुपित यांतला भेद तिला बरोबर कळे. दिवेलागणीनंतर ओसरीवर ती आम्हां नातवंडांना हुमाणें घाली. उत्तर घरांत, अंगणांत किंवा वावरांत दिसलेंच पाहिजे, हा तिचा नियम. दुसरा नियम असा कीं, उत्तर त्या रात्रीं सांगावयाचें नाहीं. ज्याला सुटलें नाहीं त्यानें सकाळीं विहिरीवरून एक घागर अधिक आणावी. पण घागर आणली म्हणून उत्तर मिळत नसे! एका हुमाणावर मी तीन दिवस अडलों होतों. आजीचे शब्द आतां आठवत नाहींत, मतलब मात्र आठवतो: तोंड आहे, पोट नाहीं, मूठमूठ खातें, आणि खाल्लेलें सारें चहूंकडे सांडतें, पहाटे गातें, पण गळा दुसऱ्याच कोणाचा. तिसऱ्या पहाटे अंथरुणांत पडल्यापडल्या घरघर ऐकूं आली, त्याबरोबर चुलतीची ओवी ऐकूं आली, आणि मी “जातें! जातें!” असें ओरडत उठलों. घरांतलीं माणसें दचकलीं. आजी मात्र हंसली नाहीं. तिनें नुसती मान हलविली आणि पुढचें हुमाण घातलें.

हेंच हुमाण मीं गेल्या वर्षीं आठवीच्या वर्गास घातलें. कोणी ‘मिक्सर’ म्हणालें, कोणी ‘पिठाची गिरणी’. आणि हीं उत्तरें कांहीं टाकाऊ नव्हेत. चाळीस मुलांपैकीं जातें पाहिलेलीं चारच निघालीं. त्यांतल्या एकानें तें एका हॉटेलाच्या दारांत शोभेला ठेविलेलें पाहिलें होतें. आजीचें कोडें इतक्या वर्षांत आपोआप गुपित होऊन बसलें होतें. म्हणून मीं मुलांस सांगितलें कीं, तुमच्या घरांतल्या वस्तूंचीं हुमाणें तुम्हीच करून आणा. दुसऱ्या दिवशीं एका मुलीनें आणलें: “दिवसभर सर्वांशीं बोलतो, रात्रीं भिंतीपाशीं उभा राहून जेवतो.” मोबाईल! माझ्या आजीला हें सुटलें नसतें, परंतु ऐकतांक्षणींच तिनें ‘हें खरें हुमाण’ असें म्हटलें असतें. दुसऱ्या एका मुलाचें असें होतें: “घरांत सर्वांत थंड पोट त्याचें, तोंड उघडलें कीं पोटांत दिवा लागतो, मिटलें कीं विझतो काय, तें कोणीं पाहिलें?” त्याचें उत्तर येथें देत नाहीं. शेवटच्या प्रश्नावर मात्र घरांत पुष्कळ वेळ भांडतां येईल.

हुमाण हा शब्द कोंकणांत व गोमंतकांत अधिक चालतो. ‘उखाणा’ म्हटलें कीं आज लग्नकार्यांत नांव घेणें तेवढें आठवतें, परंतु जुन्या मराठींत कोड्यासही उखाणाच म्हणत. दोन्ही अर्थ एकमेकांपासून फार दूर नाहींत, असें मला वाटतें. जें नांव एरवीं उच्चारावयाचें नाहीं, तें ओळींत दडवून उच्चारावयाचें, हीही एक लपंडावाची रीतच. ज्याचा अर्थ मुद्दाम गुंतवून ठेविला आहे असा श्लोक म्हणजे कूट.

शब्दांचे खेळ मराठींत फार सोपे आहेत, कारण आपली लिपि त्यांना अनुकूल आहे. शब्द उलटा वाचावयाचा म्हणजे अक्षरें उलट्या क्रमानें घ्यावयाचीं. काना, मात्रा, वेलांटी हीं आपापलें अक्षर सोडीत नाहींत व जोडाक्षर मोडावयाचें नाहीं. या रीतीनें ‘नदी’ उलटली कीं ‘दीन’ होते, ‘सदा’चा ‘दास’ होतो, ‘जरा’चें ‘राज’ होतें, आणि ‘चहा’ उलटला कीं ‘हाच’! म्हणून पाहुण्यापुढें पेला ठेवून ‘हाच चहा’ असें म्हटलें, तर तें वाक्य दोहोंकडून सारखेंच वाचतां येतें. कांहीं शब्द उलटले तरी बदलतच नाहींत. ‘समास’ हा व्याकरणांतला, ‘रबर’ हा दप्तरांतला, ‘मध्यम’ हा संगीतांतला. स्वयंपाकघरांत उभे राहाल तर ‘कणिक’ सांपडेल आणि टोपलींत ‘टोमॅटो’. आणखी दहा शोधा. माझ्या वर्गांतल्या मुलांनीं एका तासांत चौदा शोधले होते.

दुसरा खेळ ओठांचा. प, फ, ब, भ, म हीं अक्षरें ओठाला ओठ लागल्यावांचून उच्चारतां येत नाहींत. दंडीच्या ‘दशकुमारचरित’ या संस्कृत ग्रंथांत ओठ दुखावलेला एक कुमार आपली सारी हकीकत यांतलें एकही अक्षर न घेतां सांगतो. आपले मोरोपंत (१७२९–१७९४) यांनीं तर ‘निरोष्ठ रामायण’ रचलें. म्हणजे ज्याची कथा सांगावयाची त्या रामाचें नांवच घेण्याची सोय नाहीं! पंडितांनीं याला नुसती कसरत म्हणावें. मला तरी अशा कसरतीनें भाषेचे सांधे मोकळे होतात असें वाटतें. घरीं जेवणाच्या वेळीं हा खेळ खेळून पाहा. ‘आजीनें चहा गाळला’ हें चालेल. ‘आजीनें भात वाढला’ येथें ‘भा’पाशीं ओठ मिटले. आणि एक मौज पाहा: आई, आजी, ताई, दादा, काका, आत्या या सर्वांना ओठ न मिटतां हांक मारतां येते, परंतु बाबा, मामा, मावशी, भाऊ यांना ती सोय नाहीं.

शब्दाचा पदच्छेद चुकला म्हणजे काय होतें, याची गोष्ट कथासरित्सागरांत आहे, आणि ती सातवाहन राजाची आहे. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आपलें गोदाकांठचें पैठण. राजा राण्यांसह जलक्रीडा करीत होता. पाण्याच्या माऱ्यानें दमलेली एक राणी संस्कृतांत त्याला म्हणाली कीं, आतां मला पाण्यानें मारूं नका. ‘मा’ म्हणजे नको व ‘उदकैः’ म्हणजे पाण्यानें. दोहोंचा संधि झाला ‘मोदकैः’. राजाला संधि ठाऊक नव्हता. त्यानें तत्काळ मोदक मागविले! राणी हंसली, भोंवतालचीं माणसेंही हंसलीं. राजा महालांत जाऊन पडून राहिला, कोणाशीं बोलेना. तेव्हां गुणाढ्य व शर्ववर्मा हे दोन पंडित पुढें आले. एक म्हणाला, सहा वर्षांत व्याकरण शिकवितों. दुसरा म्हणाला, सहा महिन्यांत. दुसऱ्यानें आपला शब्द खरा केला, आणि पैजेप्रमाणें गुणाढ्यानें संस्कृत, प्राकृत व देशभाषा या तिन्ही सोडल्या. वर्गांत ही गोष्ट सांगितली कीं मुलें मोदकांना हंसतात, आणि हंसावें हें योग्यच. मला मात्र महालाचें तें बंद दार आठवतें. तो राजा होता, म्हणून त्याच्या दाराशीं दोन पंडित धांवून आले.

आतां अंकांकडे वळूं. आमच्या आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी व औटकी हे पाढे मुखोद्गत असत. औट म्हणजे साडेतीन. घटका चोवीस मिनिटांची. मग ‘औट घटकेचें राज्य’ घड्याळाप्रमाणें किती वेळ टिकलें? आणखी एक प्रश्न: एकोणीस म्हणजे विसाला एक उणा, एकोणतीस म्हणजे तिसाला एक उणा, असें पुढें मोजीत जा. शंभरापर्यंत, शेवटीं नऊ असलेल्या संख्यांत कोणत्या एकाच संख्येनें ही रीत मोडली आहे? २०१९ मध्यें दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ अशीही रीत आली, तेव्हां मोठा वाद माजला होता. मी त्या वादांत पडत नाहीं. परंतु आपल्या संख्यांच्या नांवांत इतकी मौज दडली आहे, हें त्या निमित्तानें पुष्कळांना प्रथमच कळलें.

प्रश्न विचारण्याची गोडी पाहावयाची असेल तर भास्कराचार्यांकडे जावें. त्यांचा जन्म इ. स. १११४ चा, ‘लीलावती’ हा ग्रंथ त्यांनीं ११५० मध्यें लिहिला. चाळीसगांवाजवळील पाटण येथें १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून त्यांचा नातू चांगदेव यानें मठ स्थापिल्याचें त्यांत नमूद आहे. लीलावतींतलें भुंग्यांचें गणित असें: भुंग्यांच्या एका थव्यापैकीं पांचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा हिस्सा शिलींध्राच्या फुलावर गेला, आणि या दोन हिश्शांत जें अंतर, त्याच्या तिप्पट भुंगे कुटजावर गेले. एक भुंगा उरला. तो केतकी व मालती यांच्या सुवासांत घोटाळत राहिला. तर एकंदर भुंगे किती? बीजगणित न येणाऱ्या मुलालाही हें करतां येतें. भुंगा कांहीं कापतां येत नाहीं. तेव्हां संख्येस पांचानें व तिहींनीं, दोहोंनींही भाग गेला पाहिजे. अशी पहिली संख्या १५. तिचा पांचवा हिस्सा ३, तिसरा हिस्सा ५, अंतर २, त्याची तिप्पट ६. मिळून १४, उरला एक. शमशोनाच्याही कोड्यांत माश्या होत्या, पण येथें थवा सर्वांच्या डोळ्यांपुढें मोकळा उडतो आहे! शिवाय गणित विचारतांना आचार्य सोडविणारीला लाडक्या नांवांनीं हांक मारतात. हजेरीपट भरतां भरतां प्रश्न विचारणाऱ्या मास्तरांनीं हें ध्यानांत घ्यावें.

आतां एक जादू शिका. मित्रास कोणतीही चार आंकडी संख्या लिहूं द्या. तुम्ही पाहूं नका. तेच आंकडे वाटेल तसे फिरवून त्यानें दुसरी संख्या करावी व मोठींतून लहान वजा करावी. समजा, ७३५२ मधून २५३७ वजा केले, बाकी ४८१५. बाकींतला शून्याखेरीज कोणताही एक आंकडा त्यानें खोडावा व उरलेले तुम्हांस सांगावे. त्यानें ४, १ व ५ सांगितले, बेरीज १०. नवाच्या पाढ्यांतली पुढची संख्या १८. म्हणून खोडलेला आंकडा ८. बेरीज नवाच्या पाढ्यांतच आली तर खोडलेला आंकडा ९ समजावा. याचें कारण लपविण्यासारखें नाहीं. ५२ मध्यें पांच दहे आहेत. प्रत्येक दहा म्हणजे नऊ आणि एक. तेव्हां ५२ म्हणजे कांहीं नवे आणि वर ५ + २. शंभर व हजार यांचेंही तसेंच. आंकडे कसेही फिरविले तरी त्यांची बेरीज बदलत नाहीं; म्हणून वजाबाकींत ती बेरीज उडून जाते व नुसते नवे उरतात. जादूगार कारण सांगत नाहीं. शिक्षकानें सांगितलेंच पाहिजे, मात्र दुसऱ्या दिवशीं.

याच नवांच्या रानांत एका मराठी शाळामास्तरांनीं जन्म घालविला. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ मध्यें डहाणूस झाला. ते नाशिकजवळ देवळाली येथें शाळेंत शिकवीत. डोंबिवली स्थानकावर सुचलेल्या कांहीं संख्यांना त्यांनीं ‘डेम्लो संख्या’ असें नांव दिलें. पण त्यांचें नांव जगभर झालें तें ६१७४ या संख्येमुळें. कोणतीही चार आंकडी संख्या घ्या. चारही आंकडे एकच मात्र नसावेत. आंकडे उतरत्या क्रमानें मांडा, मग चढत्या क्रमानें मांडा, आणि वजा करा. जी बाकी येईल तिचें पुन्हां तसेंच करा. स्वातंत्र्याचें वर्ष १९४७ घेऊं. ९७४१ वजा १४७९, बाकी ८२६२. ८६२२ वजा २२६८, बाकी ६३५४. ६५४३ वजा ३४५६, बाकी ३०८७. ८७३० वजा ०३७८, बाकी ८३५२. ८५३२ वजा २३५८, बाकी ६१७४. आणि ६१७४ चें पुन्हां केलें तर ७६४१ वजा १४६७, बाकी ६१७४ च! कोठूनही निघा, फार तर सात पायऱ्यांत तुम्ही येथेंच येऊन पोंचतां. बाकी तीन आंकडी आली तर पुढें शून्य लिहावयास विसरूं नका. तीन आंकडी संख्यांचें असेंच एक मुक्कामाचें ठिकाण आहे. तें तुम्हीच शोधा.

कापरेकर गुरुजींचें हें काम पोरखेळ आहे, असें म्हणणारे विद्वान त्या काळीं पुष्कळ होते. १९७५ मध्यें मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकानें एका शास्त्रीय मासिकांतल्या आपल्या सदरांत त्यांच्याविषयीं लिहिलें, तेव्हां देशोदेशींच्या वाचकांना गुरुजी ठाऊक झाले. तोंवर ते सत्तर वर्षांचे होऊन निवृत्तही झाले होते. इतक्या वर्षांत त्यांनीं वजाबाक्या खिशांत टाकल्या नाहींत, हें आपलें भाग्य.

पालकांस एक विनंति आहे. मूल कोड्यापाशीं गप्प बसलें, तर तें अडलें आहे असें समजूं नका. पुष्कळदां तें चालत असतें. “सुटलें का?” असें दर दोन मिनिटांनीं विचारूं नये. फारच वेळ झाला तर “आतांपर्यंत काय काय करून पाहिलेंस?” एवढेंच विचारावें व उत्तर शेवटपर्यंत ऐकावें, मधेंच शेळी परत येऊं लागली तरी बोलूं नये. थोरल्या बहिणीला उत्तर आधीं सुचलें तर तिनें तें ओरडूं नये, कागदावर लिहून उशीखालीं ठेवावें. माझ्या वर्गांत ज्याला सुटेल त्यानें माझ्या कानांत सांगावें, असा नियम आहे. त्यामुळें मधल्या सुटींत माझ्याभोंवतीं गर्दी होते व चहा निवतो, पण चालावयाचेंच. मोबाईलवर शोधलें कीं उत्तर निमिषांत मिळतें, हें मलाही ठाऊक आहे. दुसऱ्यानें चावलेल्या उसाचा चोथा हातीं घेऊन काय करावयाचें, तें ज्याचें त्यानें ठरवावें.

सुटीसाठीं एक कोडें देतों. एक म्हातारी आंब्यांची पाटी घेऊन बाजारास निघाली. वाटेंत तीन नाकीं होतीं. प्रत्येक नाक्यावर असा कर होता कीं, त्या वेळीं पाटींत असतील त्यांच्या निम्मे आंबे द्यावे, आणि वर आणखी अर्धा आंबा द्यावा. म्हातारीनें तिन्ही नाक्यांवर कर पुरता भरला, एकही आंबा कापला नाहीं, आणि ती बाजारांत पोंचली तेव्हां पाटींत दोन आंबे शिल्लक होते. ती घरून निघाली तेव्हां किती होते? उत्तर या अंकांत कोठेंही छापलेलें नाहीं. ज्याला अगदींच वाट सांपडणार नाहीं, त्यानें म्हातारीबरोबर बाजाराकडे न जातां बाजारांतून तिच्या घराकडे चालून पाहावें. शाळा उघडल्यावर मी मधल्या सुटींत व्हरांड्यांत असेन. उत्तर कानांत सांगा.